आहारविकार आणि स्वतःकडे, इतरांकडे पाहण्याची दृष्टी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूर, धाराशिव, बीड, परभणी, नांदेड या भागांतील पालक, वसतिगृहांचे रेक्टर, शिक्षक आणि स्वतः मुलेमुली समुपदेशनाच्या वेळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते येथे एकत्र केले आहेत. विषय जेवणाचा दिसत असला तरी बहुतेक उत्तरे ताटापासून थोडी दूर जातात. माणूस स्वतःला काय समजतो आणि इतर लोक आपल्याला काय समजतात असे त्याला वाटते, या दोन गोष्टींचा त्याच्या खाण्याशी फार जवळचा संबंध आहे आणि या पानावरचा भर त्यावरच आहे.

जेवणातले नखरे आणि आहारविकार यांत फरक कसा ओळखायचा?

नखरे करणारे लेकरू कारल्याची भाजी बाजूला सारते आणि धपाट्यांवर ताव मारते. त्या कारल्यापायी त्याचा दिवस अडत नाही. आहारविकारात मात्र अन्न, वजन आणि शरीराचा आकार यांचा विचार दिवसाचा बराचसा भाग व्यापून टाकतो आणि अभ्यास, झोप, मैत्री, घरातले बोलणे-चालणे या सगळ्यांवर त्याची सावली पडते.

याचे तीन प्रकार मुख्य मानले जातात. ॲनोरेक्सिया नर्व्होसा या प्रकारात माणूस खाणे इतके कमी करतो की वजन धोक्याच्या पातळीपर्यंत उतरते. लंडनचे विल्यम गल आणि पॅरिसचे शार्ल लासेग या दोन डॉक्टरांनी 1873 च्या सुमारास एकमेकांपासून स्वतंत्रपणे या आजाराचे वर्णन केले होते, त्यामुळे हा मोबाइलच्या काळातला नवा रोग आहे असे म्हणता येत नाही. बुलिमिया नर्व्होसामध्ये ताबा सुटून खूप खाणे आणि नंतर ते अन्न या ना त्या मार्गाने शरीराबाहेर काढण्याची किंवा त्याची भरपाई करण्याची धडपड, असे चक्र चालते. त्याला 1979 मध्ये जेराल्ड रसेल यांनी नाव दिले. तिसरा प्रकार बिंज ईटिंगचा, ज्यात खाण्यावरचा ताबा सुटतो पण नंतरची भरपाई नसते. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत त्याला 2013 मध्ये स्वतंत्र आजार म्हणून जागा मिळाली. या तिन्हींच्या उंबरठ्यावर अडकलेली, पण कोणत्याच चौकटीत नीट न बसणारी माणसेही पुष्कळ असतात आणि त्यांचा त्रास खोटा नसतो.

खाण्याचा आणि स्वतःविषयीच्या मताचा संबंध काय?

आपण बरे आहोत की वाईट, हे सामान्यतः माणूस अनेक गोष्टींवरून ठरवतो. आपण कुणाचे तरी भाऊ-बहीण असतो, कुणाचे मित्र असतो, आपल्याला गाणे येते किंवा गणित येते, आपण शेजारणीच्या आजारपणात धावून गेलेलो असतो. आहारविकारात या सगळ्या गोष्टींचे मोल हळूहळू उतरत जाते आणि वजन, आकार व खाण्यावरचा ताबा एवढ्यावरच स्वतःची किंमत ठरू लागते. ऑक्सफर्डचे मानसोपचारतज्ज्ञ ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी या विकारांचा गाभा म्हणून हेच सांगितले आहे. लातूरच्या भाषेत सांगायचे तर, दहा विषयांच्या गुणपत्रिकेतले नऊ विषय रद्द करून एकाच विषयावर निकाल लावण्यासारखे हे आहे, आणि तो विषयही असा की ज्यात पैकीच्या पैकी गुण कधीच मिळत नाहीत.

फेअरबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये मांडले की काही रुग्णांमध्ये या गाभ्याला आणखी चार गोष्टी खतपाणी घालतात : स्वतःविषयी खोलवर रुजलेले हलके मत, टोकाचा परिपूर्णतेचा हट्ट, तीव्र भावना सहन न होणे आणि माणसांशी असलेल्या नात्यांतल्या अडचणी. यांतल्या शेवटच्या गोष्टीकडे आपल्याकडे फार कमी लक्ष दिले जाते, म्हणून पुढे तिच्यावर अधिक लिहिले आहे.

त्याआधी एका वेगळ्या सुराकडे लक्ष वेधले पाहिजे, कारण तो मराठवाड्यात वारंवार ऐकू येतो. ‘मी जाड आहे’ असे न म्हणता ‘माझ्यावर एवढा खर्च होतोय, मला पोटभर खायचा काय हक्क आहे’ असे म्हणणारी मुले येथे भेटतात. पावसाने दगा दिलेला असतो, सोयाबीनला भाव नसतो, वडिलांनी उसनवारी करून शिकवणीची फी भरलेली असते आणि सराव परीक्षेत गुण कमी पडतात. अशा वेळी एक पोळी कमी खाणे ही मुलाला शिक्षा वाटते आणि फेडही वाटते. हा हिशेब कुणी त्याला शिकवलेला नसतो आणि वडिलांना तो कळला तर त्यांच्या काळजाचे पाणी होईल. परंतु तो मनातल्या मनात चालतो, म्हणून त्यांना कळत नाही. स्वतःला खाण्यालायक न समजणे हे स्वतःला कुरूप समजण्याइतकेच घातक ठरू शकते.

म्हणजे आत्मविश्वास कमी असलेल्या प्रत्येकाला हा आजार होतो का?

नाही. स्वतःविषयी हलके मत असलेली असंख्य माणसे दोन वेळा नीट जेवतात. आनुवंशिकता, वयात येण्याच्या काळातले शारीरिक बदल, चिंतेचा स्वभाव, लहानपणीचे आघात, वजनावरून झालेली चेष्टा आणि एखादे कडक डाएट अशा अनेक गोष्टी एकत्र आल्यावर आजार उभा राहतो. दृष्टिकोन हा त्यातला एक धागा आहे. मात्र तो बदलता येण्यासारखा आहे, म्हणून त्याचे महत्त्व.

आमची मुलगी सगळ्यांशी इतकी प्रेमाने वागते. मग ‘इतरांकडे पाहण्याच्या दृष्टी’त बिघाड कसा असेल?

हा प्रश्न बहुधा आई विचारते आणि तिचे निरीक्षण बरोबर असते. अशी मुलगी कुणाला दुखवत नाही, घरकामाला नाही म्हणत नाही, पाहुण्यांना आग्रह करून वाढते. ॲनोरेक्सियाच्या रुग्णांमध्ये इतरांसाठी मन लावून स्वयंपाक करायचा आणि स्वतः मात्र घास टाळायचा, ही सवय डॉक्टरांनी पुष्कळदा नोंदवलेली आहे. आपल्याकडे तर ‘सगळ्यांना वाढून मग बसते’ हे सुनेचे आणि लेकीचे भूषणच समजले जाते. सगळ्यांचे होईपर्यंत तव्यापाशी उभी राहिलेली बाई शेवटी काय आणि किती खाते, हे पाहायला तिथे कुणी उरलेले नसते. आजाराला लपायला सद्गुणासारखी दुसरी जागा नाही.

बिघाड प्रेमाच्या कमतरतेत नसतो. तो विश्वासाच्या कमतरतेत असतो. इतर लोक आपल्याला सतत मोजत आहेत, आपण काही मागितले तर ते नाराज होतील, आपली खरी अवस्था कळली तर त्यांना किळस येईल, अशी तिची पक्की समजूत असते. त्यामुळे ती मागत नाही, भांडत नाही आणि राग गिळते. मराठीने ही क्रियापदे उगाच निवडलेली नाहीत : आपण राग गिळतो, अपमान गिळतो, बोलणी खातो. इतके सगळे पोटात गेल्यावर भाकरीला जागा कुठून राहणार, असे एका आजीने मला विचारले होते आणि त्यावर मला तेव्हा काही उत्तर सुचले नव्हते.

एक चित्र डोळ्यांसमोर आणावे. लातूरच्या ट्यूशन एरियात शिकणारी मुलगी संध्याकाळी बसस्थानकावर उभी आहे. गावाकडून एसटीने डबा आला आहे, कंडक्टरने तो खिडकीतून हातात दिला आहे. कापडी पिशवीत तीन पुडांचा स्टीलचा डबा. खालच्या पुडात फडक्यात गुंडाळलेल्या ज्वारीच्या भाकरी, मधल्यात शेंगदाण्याची चटणी आणि वरच्यात तेलाचा तवंग आलेली वांग्याची भाजी. खोलीवर गेल्यावर ती भाजी मैत्रिणींना वाटते, दोन भाकरी खिडकीत वाळत ठेवते, उरलेल्या सकाळी रस्त्यावरच्या कुत्र्यांना घालते आणि डबा घासून-पुसून परत पाठवते. रात्री आईचा फोन येतो, ‘जेवलीस का माय?’ ती म्हणते, ‘जेवले की, लई मस्त झालती भाजी.’ या मुलीने आईशी खोटे बोलण्यात कोणताही स्वार्थ साधलेला नाही. आईला वाईट वाटू नये म्हणून ती खोटे बोलली आहे. मात्र आपले दुःख आईला पेलवणार नाही, हेही तिने परस्पर ठरवून टाकले आहे. इतरांविषयीचा दृष्टिकोन म्हणतात तो हा.

यात तुलनाही मिसळलेली असते. शेजारच्या कॉटवरची मुलगी किती खाते, तिचे मनगट केवढे, ती जिना चढताना धापा टाकते का, याची नोंद मनात होत राहते. स्वतःला लावलेली फूटपट्टी दुसऱ्याला लावायची नाही असे ठरवले तरी डोळे ऐकत नाहीत आणि मग ‘मी मत्सरी आहे’ म्हणून स्वतःवरचा रागही वाढतो.

स्वभाव असा असतो म्हणून माणूस उपाशी राहतो, की उपाशी राहिल्याने स्वभाव असा होतो?

दोन्ही बाजूंनी हे घडते आणि दुसरी बाजू लोकांना ठाऊक नसते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, 1944 आणि 1945 मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी 36 निरोगी तरुणांवर एक प्रयोग केला. युद्धात लढण्यास विवेकबुद्धीने नकार दिलेले हे तरुण स्वेच्छेने आले होते आणि त्यांना 24 आठवडे निम्म्याच्या आसपास आहारावर ठेवले गेले. त्यांच्यापैकी कुणालाही बारीक व्हायचे नव्हते. तरीही काही आठवड्यांत त्यांच्या बोलण्यात अन्नाशिवाय विषय उरला नाही. काहीजण पाककृतींची पुस्तके जमवू लागले, एकेक जेवण बराच वेळ पुरवू लागले, ताटल्या चाटू लागले. ते चिडचिडे झाले, मित्रांपासून तुटले, त्यांच्यातला विनोद आटला. पोटभर खायला मिळू लागल्यावरही कित्येकांचे खाणे बराच काळ बेताल राहिले.

आपली मुलगी ‘पहिल्यासारखी राहिली नाही, माणूसघाणी झाली’ असे पालक म्हणतात तेव्हा हा प्रयोग आठवावा. त्यातला पुष्कळसा भाग उपाशी मेंदूचा असतो आणि शरीर पूर्ववत झाल्याखेरीज त्या मेंदूला उपदेश करून फारसे हाती लागत नाही. मनाची समजूत घालण्याआधी पोटाची व्यवस्था लावावी लागते.

काहीजण कमी खातात हे समजले. पण काहीजण रात्री चोरून खूप का खातात?

कारण बहुतेकदा दिवसभर त्यांनी स्वतःला कोंडून ठेवलेले असते. ‘आजपासून भात बंद, गोड बंद’ असा कडक नियम केला की तो एका लाडवानेही मोडतो, आणि नियम मोडलाच आहे तर आता काय, असे म्हणत डबाच रिकामा होतो. यात भूक असतेच, पण भुकेइतकाच एक दुसरा भाग असतो : त्या काही मिनिटांत माणसाला स्वतःचा विसर पडतो. दिवसभर डोक्यात चालणारी स्वतःची उलटतपासणी तेवढ्यापुरती थांबते. नंतर ती दुप्पट जोराने सुरू होते, शरमेपोटी खाणे लपवले जाते, लपवल्यामुळे माणूस आणखी एकटा पडतो आणि एकटेपणा पुन्हा डब्याकडे नेतो. अशा माणसाला ‘जिभेवर ताबा ठेव’ असे सांगणे म्हणजे ज्या नियमाने त्याला येथवर आणले तोच नियम आणखी घट्ट करणे होय.

घरच्यांच्या बोलण्याने खरोखर इतका फरक पडतो का?

पडतो. वजनावरून होणारी चेष्टा आणि पुढे उद्भवणाऱ्या खाण्याच्या तक्रारी यांचा संबंध अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसला आहे. ज्या घरात रुग्णावर सतत टीका होते तेथे उपचार अर्धवट सुटण्याचा धोका अधिक असतो, हेही संशोधनात आढळले आहे.

आपल्याकडे शरीराविषयी बोलणे ही जणू विचारपूस करण्याची पद्धत आहे. सुट्टीला आलेल्या लेकराला उंबऱ्यातच ‘किती वाळलास रे, खायला घालत नाहीत का’ म्हणतात, आणि दिवाळीनंतर त्याच लेकराला ‘लई सुटलायस की’ म्हणतात. म्हणणाऱ्याच्या मनात माया असते, हे मान्य केलेच पाहिजे. ज्या भागाने 1972 चा दुष्काळ पाहिला, त्या भागातल्या आजीला भरलेले अंग म्हणजे समाधान वाटणारच. परंतु तेच वाक्य ऐकणाऱ्याला मात्र असे समजते की आपण दारात आलो तेव्हा सगळ्यांनी आधी आपले शरीर पाहिले. मुलगी दाखवण्याच्या कार्यक्रमात तर हे उघडच होते. पोह्यांची बशी घेऊन आलेल्या मुलीची उंची, रंग आणि अंगलट यांची चर्चा ती स्वयंपाकघरात परतेपर्यंतही थांबत नाही, आणि त्यानंतर दोन महिने ती मुलगी काय खाते हे कुणी विचारत नाही.

यात एक सूक्ष्म गोष्ट आहे. मुलाला कुणी काहीच म्हणत नसेल, पण घरात मावशीच्या जाडीवर, वहिनीच्या खाण्यावर, टीव्हीवरच्या बाईच्या कमरेवर बोलले जात असेल, तरी मूल तो धडा शिकते : या घरात माणसे शरीरावरून तोलली जातात. आणि आई स्वतःच आरशापुढे उभी राहून स्वतःला नावे ठेवत असेल, तर मुलीला वेगळे काही सांगावेच लागत नाही. माझे स्पष्ट मत असे आहे की घरात एकच नियम करायचा असेल, तर कुणाच्याही शरीरावर, चांगले किंवा वाईट, बोलायचे नाही हा करावा. तो पाळणे वाटते त्यापेक्षा अवघड आहे. चार दिवस प्रयत्न करून पाहिल्यावर हे पटेल.

उपवासांचे काय? नवरात्रात तर आमच्या घरी सगळेच उपवास करतात.

श्रद्धेने केलेला उपवास हा आजार नाही. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण ज्यांनी केली त्यांना भगर, साबुदाणा आणि शेंगदाण्याची आमटी यांची गोडी चांगलीच ठाऊक होती. तरी आहारविकार उपवासाच्या आडोशाला सहज उभा राहतो, कारण उपवासाला कुणी कारण विचारत नाही, उलट कौतुकच होते. फरक ओळखण्याची एक साधी खूण सांगता येईल. पारणे फेडण्याची वेळ आली की भक्ताला आनंद होतो. आजारी माणसाला मात्र भीती वाटते आणि तो आणखी एखादा वार धरण्याची सबब शोधतो. वार वाढत जाणे, उपासाचे पदार्थही टाळणे आणि कुटुंबातल्या कुणालाही नसलेला कडक नेम एकट्यानेच पाळणे, या गोष्टींकडे लक्ष द्यावे. ज्याला आहारविकार आहे त्याच्यासाठी उपवास हे औषध चुकवण्यासारखे आहे, आणि आजाऱ्याला उपवास माफ असतो हे आपल्या घरांतल्या मोठ्या माणसांना समजावून द्यावे लागत नाही.

हा मुलींचाच आजार आहे ना?

मुलींमध्ये तो अधिक आढळतो, पण मुलांमध्ये तो असतो आणि उशिरा ओळखला जातो. पोलीस भरती किंवा सैन्यभरतीची तयारी करणारा मुलगा पहाटे मैदानावर धावतो, छातीचे माप आणि वजन यांच्या चिंतेत असतो, जेवणाचे नियम दिवसेंदिवस कडक करतो आणि सगळे त्याला ‘जिद्दी’ म्हणतात. जिममध्ये जाणाऱ्यांत उलटा प्रकार दिसतो. पिळदार शरीर असूनही आपण काडी पैलवान आहोत असे त्यांना वाटत राहते. ‘पुरुषासारखा पुरुष आणि जेवणावरून रडतो’ ही लाज त्यांना दवाखान्यापर्यंत पोचू देत नाही.

हा श्रीमंतांचा, शहरातला आजार नाही का? आमच्याकडे तर अन्नच कमी पडते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी 18.7 टक्के कमी वजनाच्या आणि 24 टक्के अतिवजन किंवा लठ्ठ आढळल्या. 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. इतक्या मोठ्या प्रमाणावर अशक्तपणा असलेल्या समाजात एखादी मुलगी मुद्दाम जेवत नसेल ही शंका डॉक्टरांनाही चटकन येत नाही. लोहाच्या गोळ्या देऊन तिला घरी पाठवले जाते.

शिवाय आशियातल्या रुग्णांमध्ये ‘मला बारीक व्हायचे आहे’ हे वाक्य पुष्कळदा ऐकूच येत नाही. हाँगकाँगमधल्या डॉक्टरांनी 1990 च्या दशकात असे अनेक रुग्ण नोंदवले, जे पोट फुगते, घास उतरत नाही, भूकच नाही असे सांगत. भारतातही असे रुग्ण आढळले आहेत. आपल्याकडेही मुलगी ‘पोटात गोळा येतो’ म्हणते, सोनोग्राफी होते, काही निघत नाही आणि ‘नाटक करते’ असा निकाल लागतो. पोटाच्या तपासण्या जरूर कराव्यात. पण त्या निर्दोष निघाल्यावर तिच्या आयुष्यात काय चालले आहे हे विचारायला विसरू नये. अन्नाची टंचाई आणि ताबा सुटून खाणे यांचाही संबंध अभ्यासांत दिसला आहे, त्यामुळे गरिबी हे या आजारापासूनचे कवच नाही.

मोबाइलमुळे हे वाढले आहे का?

भर पडली आहे, असे मानायला जागा आहे. फिजी बेटांच्या एका भागात 1995 मध्ये टीव्ही आला. तेथे भरलेले शरीर चांगले मानण्याची परंपरा होती. ॲन बेकर यांनी टीव्ही येताच आणि पुन्हा 1998 मध्ये शाळकरी मुलींची पाहणी केली. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी उलटी काढणाऱ्या मुली पहिल्या पाहणीत एकही नव्हत्या, दुसऱ्या पाहणीत त्यांचे प्रमाण 11.3 टक्के होते. मोबाइल तर टीव्हीप्रमाणे भिंतीवर राहत नाही, तो उशाशी असतो. तरीही मोबाइल काढून घेतल्याने आजार जातो असे दिसत नाही, आणि मुलाचा तुमच्यावरचा विश्वास मात्र त्याच्याबरोबर जातो.

म्हणजे चूक आम्हा आई-वडिलांचीच?

नाही. एक काळ असा होता की या आजाराचे खापर कुटुंबावर, त्यातही आईवर, फोडले जाई. तो काळ सरला आहे. लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयात 1980 च्या दशकात जी उपचारपद्धती आकाराला आली, तिच्यात किशोरवयीन रुग्णाच्या आई-वडिलांनाच उपचाराचे मुख्य आधार मानले जाते. सुरुवातीला मुलाच्या जेवणाची जबाबदारी तेच हातात घेतात आणि प्रकृती सुधारेल तशी ती मुलाकडे परत सोपवतात. मुलगी म्हणजे आजार नव्हे, आजार तिच्यावर चालून आलेला आहे आणि घर तिच्या बाजूने उभे आहे, असे मानून ही पद्धत चालते. स्वतःला दोष देणाऱ्या आईच्या हातून धीराने वाढणे होत नाही, एवढ्यासाठी तरी तो दोष खाली ठेवावा.

ओळखायचे कसे आणि घाई केव्हा करायची?

ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी 1999 मध्ये पाच प्रश्नांची एक छोटी चाचणी प्रसिद्ध केली, जी आजही वापरली जाते. पोट जड झाल्याच्या अस्वस्थतेने तुम्ही मुद्दाम उलटी काढता का? किती खातो यावरचा ताबा सुटला आहे अशी काळजी वाटते का? तीन महिन्यांत साधारण सहा किलोहून अधिक वजन उतरले आहे का? इतर लोक बारीक म्हणत असताना तुम्हाला आपण जाड आहोत असे वाटते का? अन्नाने तुमच्या आयुष्याचा ताबा घेतला आहे असे म्हणाल का? यांतल्या दोन किंवा अधिक प्रश्नांना ‘हो’ असेल तर तपासणी करून घ्यावी. हे निदान नव्हे, केवळ दार ठोठावणे आहे.

घरच्यांना दिसणाऱ्या खुणाही असतात : पाळी थांबणे, सतत थंडी वाजणे, केस गळणे, जेवणानंतर लगेच न्हाणीघरात जाणे, दातांवरचे कवच झिजणे, बोटांच्या सांध्यांवर घट्टे, गालांखाली सूज. चक्कर येऊन पडणे, छातीत धडधड, नाडी फार मंद होणे, पाणीही न घेणे किंवा मरणाची भाषा, यांपैकी काहीही असल्यास त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. वारंवार उलट्यांनी रक्तातले पोटॅशियम घसरून हृदयाचे ठोके बिघडू शकतात आणि बाहेरून माणूस ठीक दिसत असतानाही हे घडते. फार दिवस उपाशी राहिलेल्याला घरी एकदम भरपूर खाऊ घालू नये. त्याने रक्तातल्या फॉस्फेटची पातळी कोसळून जीव धोक्यात येऊ शकतो. जेवण हळूहळू आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली वाढवावे लागते.

उपचारात नेमके काय करतात? नुसते बोलून काय होणार?

वजन फार उतरलेले असेल तर आधी शरीर सावरले जाते. त्यानंतर विचार आणि वर्तन यांवर काम करणारी सीबीटी ही पद्धत प्रौढांसाठी प्रमुख मानली जाते. वजन फार घटलेले नसल्यास साधारण 20 आठवड्यांत 20 बैठका असा तिचा आराखडा असतो. नियमित वेळी खाणे, खाण्याची नोंद, आणि त्या एका विषयाच्या गुणपत्रिकेत रद्द झालेले विषय पुन्हा भरणे, असे तिचे स्वरूप असते. बुलिमियामध्ये काहींना फ्लुओक्सेटीन हे औषध उपयोगी पडते. ते मानसोपचारतज्ज्ञांनीच ठरवायचे.

नुसते बोलण्याविषयी एक लक्षणीय गोष्ट सांगतो. नात्यांवर काम करणारी आयपीटी नावाची एक पद्धत आहे. बुलिमियाच्या रुग्णांवर तिची सीबीटीशी तुलना झाली तेव्हा आयपीटीच्या बैठकांत अन्न आणि वजन या विषयांना हातच लावला जात नव्हता. बोलणे व्हायचे ते भांडणे, दुरावे, दुःखे आणि आयुष्यातली बदललेली भूमिका यांविषयी. उपचार संपले त्या वेळी सीबीटी पुढे होती, पण वर्षभराने पाहिले तर आयपीटीचे रुग्ण जवळजवळ तिथवर पोचले होते. माणसांशी असलेले नाते सुधारले आणि ताटाशी असलेले नाते त्यामागून सुधारले, असा याचा अर्थ मी लावतो.

स्वतःविषयी करुणा बाळगायला शिकवणाऱ्या पद्धतीही आता वापरात आहेत. यात रुग्ण बहुधा अडखळतात, कारण स्वतःला धारेवर धरल्याशिवाय आपण आळशी होऊ अशी त्यांना धास्ती असते. तेव्हा एक प्रश्न विचारला जातो : हीच चूक तुमच्या धाकट्या बहिणीने केली असती, तर तुम्ही तिला या शब्दांत बोलला असता का? बऱ्याच वेळा खोलीत शांतता पसरते.

मराठवाड्यात मदत कुठे मिळेल?

छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय, तसेच नांदेड, लातूर आणि अंबाजोगाई येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. बोलायलाच संकोच वाटत असेल तर टेली-मानस या शासकीय सेवेच्या 14416 या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतून बोलता येते. ही सेवा ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झाली. नजर काढायची असेल, देवाला जायचे असेल, तर अवश्य जावे, परंतु दवाखान्याची तारीख त्यासाठी पुढे ढकलू नये.

माझ्या मुलीशी आज रात्री फोनवर काय बोलू?

‘जेवलीस का’ या प्रश्नाने सुरुवात करू नका. त्याचे उत्तर तिच्या जिभेवर तयार असते. तिच्या मैत्रिणीचे काय झाले, खोलीतला पंखा दुरुस्त झाला का, हे विचारा. स्वतःचे काही सांगा, त्यातही थोडे अडचणीचे : आज माझे आणि तुझ्या काकूचे वाजले, मला रडू आले. तुमच्याकडेही दुःख बोलता येते आणि त्याने घर कोसळत नाही, हे तिला ऐकू द्या. मग म्हणा, ‘मागच्या वेळी आलीस तेव्हा तू ताटावर बसून गप्प होतीस. मला काळजी वाटली. तुझ्यावर रागावले नाही मी.’ ती ‘काही नाही गं’ म्हणेल. म्हणू द्या, आणि रविवारी येते म्हणून सांगा. रविवारी डबा एसटीने पाठवू नका. स्वतः घेऊन जा, खोलीवर बसा, दोन ताटल्या मागून घ्या आणि तिच्यासमोर आधी स्वतः जेवायला लागा.